सोजराबाईला वाचता येणारा एक इंग्रजी शब्द

सोजराबाईला इंग्रजीतला एकच शब्द वाचता यायचा, आणि त्या एका शब्दाने पाच दिवस तिचं काळीज कुरतडून खाल्लं. मराठी मात्र ती बराबर वाचायची. नव्वदच्या सुमाराला तिच्या गावी, साखऱ्यात, प्रौढांचा वर्ग निघाला, तेव्हा बाकीच्या बाया तोंडाला पदर लावून हसत मागे बसल्या आणि ही पाटी घेऊन पहिल्या रांगेत. चार महिन्यांत एसटीच्या पाट्या, दुकानांची नावं, लग्नाच्या पत्रिका, सगळं खडाखडा. दुसरा कुणी अडखळला की मधे तोंड घालून दुरुस्त करणार. वाचता येण्याचा माज होताच तिला, आता खोटं कशाला बोला.

नवरा अमृतराव सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर चौकीदार होता. तो त्र्याण्णवमध्ये गेला आणि चौदा वर्षांचं पोरगं घेऊन ती हिंगोलीत आली. एका खाजगी दवाखान्यात तिला काम मिळालं. बेड आवरायचे, बाळंतिणींचं बघायचं, ऑपरेशननंतरच्या चिंध्या-बोळे उचलायचे. दवाखान्यात अशा बाईला मावशी म्हणतात. मावशी म्हटलं की कुठलंही काम सांगायला मोकळं. पण सोजरामावशीचा दरारा होता. नव्या डॉक्टरलासुद्धा ती चपला बाहेर काढायला लावायची.

तो इंग्रजी शब्द तिला शिकवला संगिता सिस्टरने. शहाण्णव-सत्त्याण्णवच्या वेळी ते नवीन दुखणं आपल्याकडे येऊन ठेपलं होतं. ट्रकवाल्यांना झालं, त्यांच्या बायकांना झालं, आणि ज्यांनी कधी गावाची शीव ओलांडली नाही अशांनाही झालं. ऑपरेशनआधी रक्त तपासायला जायचं, तिकडून चिठ्ठी यायची. सिस्टर म्हणाली, मावशी, हा शब्द नीट डोळ्यांत भरून घे. तो दिसला की हातात दोन-दोन ग्लोव्ह, कॉटला लाल कागद, चादर वेगळी. सोजराबाईने तो शब्द आपल्या रीतीने पाठ केला. आधी छाती काढून उभा राहिलेला शिपाई, मग शून्य, मग साप, मग टिकली लावलेली काठी. पॉझिटिव्ह. दुखण्याचं खरं नाव वॉर्डात कुणी घेत नसे. तो पॉझिटिव्ह हाय, एवढं बोललं की बोलणारा दोन पावलं मागे सरकायचा.

सोजराबाईही सरकायची. मिना नावाची तांड्यावरची एक बाळंतीण आली होती, वीस-बावीस वर्षांची. तिच्या चिठ्ठीवर तो शब्द निघाला. सोजराबाईने तिच्या चहाचा गिलास पायाने कॉटकडे सरकवला होता, हाताने दिला नव्हता. मिनाला न्यायला सासरचं कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हातारा बाप आला, त्याने टोपीने डोळे पुसले आणि लेकीला घेऊन गेला. गिलास सोजराबाईने उकिरड्यावर फेकून दिला. त्यात काही चुकलं असं तिला तेव्हा वाटलं नाही. सगळेच तसं करत होते.

आता तिच्या पोराचं. धम्मानंद दिसायला बापासारखा, बोलायला गरीब. दोन वर्षं ट्रकवर होता, हैदराबाद-नागपूर करायचा. मग सोजराबाईने ओढून घरी आणला, जवळा बाजार गावच्या सपनाशी लग्न लावून दिलं आणि गावातच जीप चालवायला लावली. दोन हजार तीन साली सपनाला पाचवा महिना लागला होता. त्याच दिवसांत सपनाने सासूला बाजूला घेऊन सांगितलं की यांच्या मानेला गाठ आलीय, संध्याकाळी कणकण येते, बनियन घामाने पिळून काढावी लागते. दवाखान्यात दहा वर्षं काढलेल्या बाईला असं काही ऐकून झोप लागत नाही. तिने दुसऱ्याच दिवशी पोराला आपल्या डॉक्टरांसमोर उभं केलं.

डॉक्टर सर्जन होते, भला माणूस. मान दाबून बघितली, काखेत बघितलं, रक्त पाठवलं. रक्ताची चिठ्ठी आली ती सोजराबाईने सिस्टरच्या हातातून अक्षरशः ओढून घेतली. टिकली लावलेली काठी होती, पण शिपाई नव्हता, सापही नव्हता. सिस्टर म्हणाली, निगेटिव्ह आहे ग मावशी, श्वास घे. सोजराबाईने श्वास घेतला. मग डॉक्टरांनी मानेची एक गाठ काढून बाटलीत घातली आणि नांदेडला तपासायला धाडली. तिकडून उत्तर आलं की नक्की सांगता येत नाही, टीबी असेल, दुसरंही काही असेल, मुंबईला पाठवून मार्कर लावून बघा.

मार्कर म्हणजे सोजराबाईला कॉटवर नंबर लिहायचा तो जाड काळा पेन ठाऊक. मासाच्या तुकड्यावर ते काय लिहिणार, हे तिला काही उमगलं नाही, आणि विचारायची तिला लाज वाटली. एवढं वाचता येणाऱ्या बाईने विचारायचं कसं? नांदेडहून तो तुकडा मेणाच्या बोटभर ठोकळ्यात बसवून परत आला होता. ती पुडी तिने स्वतः कुरिअरच्या दुकानात नेली. पोराच्या मानेतलं मास आपल्या मांडीवर आहे, हे रिक्षात तिच्या मनात आलं आणि तिने पुडी दोन्ही हातांनी धरून ठेवली. दुकानदाराला तिने तीनदा बजावलं की उन्हात ठेवू नका.

पंधरा दिवसांनी, एका मंगळवारी दुपारी, लिफाफा आला. डॉक्टर पुतणीच्या लग्नाला सोलापूरकडे गेले होते, शनिवारी येणार होते. कुरिअरवाल्याने लिफाफ्यावरचं नाव वाचलं, मावशीच्या पोराचं आहे म्हणून मावशीच्याच हातात दिला. ती कपडे धुवायच्या मोरीत गेली, कडी लावली आणि लिफाफा फोडला.

पहिल्या ओळीपासून खाली बोट फिरवत आली. अर्ध्या पानावर शिपाई उभा होता. छाती काढून. त्याच्या खालच्या ओळीत पुन्हा शिपाई. त्याच्या खाली एकदा नव्हता, मग पुन्हा दोनदा होता. आणि प्रत्येक शिपायाच्या आधी दोन अक्षरं आणि आकडा. ती दोन अक्षरंही तिच्या ओळखीची निघाली. सी आणि डी. पॉझिटिव्ह माणसांचं रक्त सरकारी दवाखान्यात जायचं तेव्हा सिस्टर फोनवर विचारायची, सीडी किती आला, आणि तीच दोन अक्षरं केसपेपरवर लिहायची. कागदावर तर सीडीची रांगच लागली होती.

ती मोरीत ओल्या फरशीवरच बसली. रक्त तर चांगलं निघालं होतं ना? पण मग तिला आठवलं, सिस्टरच एकदा म्हणाली होती की कधी कधी सुरुवातीला ते रक्तात दिसत नाही, लपून राहतं. झालं! तिच्या डोक्यात हिशेब बसला. रक्तात लपलं ते मासात सापडलं. म्हणून तर मुंबईला धाडलं होतं. दहा वर्षं दवाखान्यात काढलेल्या बाईलाच असली चूक सुचू शकते. ज्याला काहीच कळत नाही, तो बिचारा कुणाला तरी विचारतो.

तीही विचारू शकत होती. संगिता सिस्टर वीस पावलांवर बसली होती. पण सिस्टरला कळलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या दवाखान्याला कळणार, मग वस्तीला, मग जवळा बाजारला. मिनाच्या म्हाताऱ्या बापाचं तोंड तिच्या डोळ्यांसमोर आलं. तिने कागदाची घडी घातली, कनवटीला खोचली आणि बाहेर येऊन चादरी पिळायला घेतल्या.

घरी आली तेव्हा धम्मानंद उंबऱ्यावर बसून सपनासाठी हरभरे सोलत होता. मानेला पट्टी. त्याने वर बघून विचारलं, "आई, रिपोर्ट आला का?"

"न्हाई आला," सोजराबाई म्हणाली.

आयुष्यात तिने पोराला लहानसहान थापा खूप मारल्या होत्या, सगळ्याच आया मारतात. ही थाप मारताना मात्र तिने त्याच्याकडे बघितलं नाही. त्याने सोललेले चार दाणे तिच्यापुढे धरले. तिने भूक न्हाई म्हणून हात मागे घेतला. दाण्यांनी काही होत नाही हे तिला शंभरदा सांगितलेलं होतं, दवाखान्याच्या भिंतीवर तसा कागदही होता, आणि तो कागद तिने मोठ्याने वाचून लोकांना ऐकवला होता. तरी हात मागे आला. त्या हाताची तिला इतकी शरम वाटली की ती चुलीपुढे जाऊन बसली आणि विनाकारण राख ओढत राहिली.

त्या दिवसापासून घरात तिने कारभार सुरू केला. धम्मानंदचा गिलास वेगळ्या फळीवर गेला. त्याचं ताट ती स्वतः घासायची, राखेने, मग साबणाने, मग दवाखान्यातून आणलेल्या फिनेलच्या पाण्याने. त्याचे कपडे सपनाला धुऊ देईना. पोटुशीनं बादल्या उचलू नये, एवढंच कारण सांगायची. सपना भोळी नव्हती. ती म्हणाली, आत्या, काल तर तुमी मला दोन हंडे आणायला लावले. सोजराबाई तिच्यावर खेकसली. खेकसून झाल्यावर सपनाच्या पोटाकडे बघितलं. हिलाही असंल का? आतल्या लेकरालाही? दोघा-तिघांचं मरण एकाच कागदात, आणि तो कागद आपल्या कमरेला.

शेजारची भिकाबाई आपल्या नातवाच्या तापासाठी औंढ्याच्या महादेवाला नवस बोलून आली होती आणि मोकळी झाली होती. सोजराबाईला तेही नव्हतं. आपल्यात नवस नाही, घासाघीस करायला समोर कुणी नाही. ती सकाळी विहारात जाऊन बसली. वंदना पाठ होती, तोंडाने म्हणत राहिली, पण मधेच शब्द संपून नुसते आकडे यायला लागले, सीडी अमुक, सीडी तमुक. बुद्धाच्या शांत चेहऱ्याकडे बघून तिला पहिल्यांदाच राग आला. मग त्या रागाचीही भीती वाटली आणि ती उठून घरी आली.

गुरुवारी तिने ते विचारलं. धम्मानंद दाढी करत होता. ती दाराशी उभी राहून त्याच्या हनुवटीवरून फिरणाऱ्या पात्याकडे बघत होती. कापू नये, रक्त येऊ नये, एवढंच तिच्या मनात. आणि अचानक तोंडातून निघून गेलं.

"ट्रकवर होतास तवा... कुठं गेलतास का रे तू? खरं सांग."

पातं थांबलं. त्याने आरशातूनच तिच्याकडे बघितलं.

"काहून इचारून राहिली तू हे?"

ती दारातून बाजूला झाली. अर्धी दाढी तशीच ठेवून त्याने तोंड धुतलं, सदरा घातला आणि जीपकडे निघून गेला. लहानपणापासून ज्या पोराने चहाचा घोट आईला विचारल्याशिवाय घेतला नाही, तो त्या दिवसापासून तिच्याशी हूं आणि न्हाई यापलीकडे बोलेना. सोजराबाईने त्याचा अर्थ लावला तो असा की पोरगं कबूल झालं. माणूस भ्यालं की त्याला सगळीकडे आपल्याच भीतीची साक्ष मिळते, त्याला कोण काय करणार?

शुक्रवारी तिने सपनाला माहेरी लावून दिली. जवळा बाजारच्या गाडीत बसवेपर्यंत सपना म्हणत होती, आत्या, यांना ताप येऊन राहिला, मला काहून घालवता? सोजराबाई म्हणाली, बाई, थोडे दिवस आराम कर. गाडी हलली तेव्हा सपना खिडकीतून रडत होती. संध्याकाळी धम्मानंद घरी आला, बायकोचं अंथरूण गुंडाळलेलं बघितलं आणि भिंतीला टेकून खाली बसला. त्याला वाटलं, रिपोर्ट आलाय. आपण मरणार आहोत आणि आईला ते ठाऊक आहे. पण त्याने विचारलं नाही. आईने तोंड उघडलं तर काय ऐकावं लागेल, याची त्यालाही भीती होती.

शनिवारी डॉक्टर आले. त्यांनी आल्या आल्या मुंबईला फोन लावला आणि मग सोजराबाईला आत बोलावलं. रिपोर्ट मंगळवारीच पोचलाय म्हणतात, मावशी, कुठं आहे? पोरगाही बाहेर बाकावर होता, ताप दाखवायला स्वतःच आला होता. डॉक्टरांनी त्यालाही आत घेतलं. सोजराबाईने कनवटीतून घडी काढली. पाच दिवसांच्या घामाने कागद मऊ पडला होता, घड्यांवर फाटला होता. डॉक्टरांनी तो टेबलावर सपाट केला, दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"साहेब," सोजराबाई म्हणाली, "पोराच्या पुढं नका बोलू. मला ठाऊक हाय. पॉझिटिव्ह हाय त्ये. चार बार."

डॉक्टरांच्या ध्यानात आलं. ते खुर्ची पुढे ओढून बसले आणि लेकराला समजवावं तसं समजवायला लागले. मावशी, हे ते पॉझिटिव्ह नव्हे. आपल्या गाठीत निरनिराळ्या शिपाई पेशी असतात, रोगाशी लढणाऱ्या. काचेखाली सगळ्या सारख्याच दिसतात. आता बैलबाजारात जनावरांची गर्दी झाली तर वसरामचा बैल कुठला आणि किसनरावचा कुठला, कसं ओळखाल? एकाने शिंगाला हिंगूळ लावलाय, दुसऱ्याने निळा रंग. तसंच मुंबईवाले करतात. त्यांच्याकडे एकेका जातीच्या पेशीलाच चिकटणारं औषध असतं, त्याला रंग जोडलेला असतो. ज्या पेशीने रंग धरला तिच्यापुढे लिहितात पॉझिटिव्ह. रंग धरला, एवढाच त्याचा अर्थ. सीडी हे त्या खुणांचं नाव, आणि पुढचा आकडा म्हणजे कुठली खूण. सीडी तीस आणि पंधरा, हे दोन रंग इथे काही मोठ्या पेशींनी धरलेत. शंभरात एखादीच आहे तशी, बाकी गर्दी साध्या शिपायांची, म्हणून नांदेडला ओळखू आली नाही. उरलेले दोन पॉझिटिव्ह त्या साध्या शिपायांचे.

"म्हंजी," सोजराबाईने विचारलं, "त्ये दुखणं न्हाई?"

"ते मुळीच नाही. रक्तातही नव्हतं, यातही नाही. पण मावशी, नीट ऐका. हा कॅन्सर आहे, गाठींचा. यातल्या त्यात बरा होणारा, तरुण वय आहे, पुष्कळ जण बरे होतात. मात्र आता दिवस घालवायचे नाहीत. मुंबईला न्यावं लागेल."

सोजराबाईने पहिलं वाक्य ऐकलं. पुढचं तिच्या कानावर पडलं आणि वाहून गेलं. मंगळवारपासून छातीवर बसलेला दगड असा काही एकदम उठला की तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि त्या पाण्यातूनच ती हसायला लागली. दोन्ही हात जोडून, मान हलवत.

"बरं झालं, साहेब. लई बरं झालं."

डॉक्टरांना वाटलं, बाईला समजलं नाही. ते पुन्हा म्हणाले, मावशी, मी कॅन्सर म्हणालो.

"समजलं की. कॅन्सर ना? बरं झालं, लई बरं झालं माय."

मग तिने पोराकडे बघितलं. तो स्टुलावर बसला होता, मांडीवर दोन्ही हात, पांढराफटक. वेगळ्या फळीवरचा गिलास, फिनेलचा वास, आरशापुढचा तो सवाल, सपनाची गाडी, एकेक गोष्ट त्याच्या चेहऱ्यावर जागच्या जागी बसताना तिला दिसली. तिचं हसू ओठांवरच राहिलं. ते तिला मिटवता येईना.

"मंगळवारपासून तुला माझ्याबद्दल ह्ये वाटून राहिलं व्हतं," धम्मानंद म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. "आन् त्याच्यापरीस मला कॅन्सर झालेला बरा."

तिने तोंड उघडलं. न्हाई रे लेकरा, एवढंच म्हणायचं होतं. पण आत्ता, एका घटकेपूर्वी, तिला खरोखरच तसं वाटलं होतं, आणि ते त्याने ऐकलं होतं. आता कुठे तो दुसरा शब्द तिच्यापर्यंत पोचला. कॅन्सर. दहा वर्षांत त्या शब्दासकट दवाखान्यातून घरी मरायला गेलेली माणसं तिने मोजली होती. तिने टेबलाची कड धरली.

डॉक्टर चिठ्ठी लिहीत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, मुंबईला संगती कोण जाणार? सहा-आठ महिने ये-जा करावी लागेल, घरचं माणूस पाहिजे.

"आधी जवळा बाजारला जाऊन सपनाला आणतो," धम्मानंद म्हणाला. "तिचा भाऊ येईल माझ्यासंगं."

"आणि आई?"

तो उठला. चिठ्ठी घेतली, घडी घालून खिशात ठेवली.

"आईला ड्युटी असते, साहेब," तो म्हणाला, आणि तिच्या अंगाला धक्का लागणार नाही अशा बेताने, भिंतीकडून, दाराबाहेर गेला.